वेताळ टेकडी, राजमाची आणि स्पिती एकाच सायकलवर करायचंय, सेटअप कसा ठरवायचा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वजन ८२ किलो, उंची पाच फूट आठ इंच, राहायला कोथरूडला. आठवड्यातून दोन-तीनदा सकाळी वेताळ टेकडी, सुट्टीला सिंहगड नाहीतर मुळशीची बाजू, पावसाळ्यात लोणावळ्याहून राजमाची करायचंच आहे आणि पुढच्या वर्षी मित्रांबरोबर हिमाचलमधलं स्पिती. बजेट सत्तर हजार. त्यात नवी हार्डटेल (फक्त पुढे सस्पेंशन) घ्यावी की कुणाची पाच-सहा वर्षं जुनी फुल सस्पेंशन (पुढे-मागे दोन्हीकडे), चाक २७.५ की २९ इंची, आणि शेवटी तुम्ही सहज विचारलंय की "असा कुठला टायर टाकू जो सगळीकडे चालेल".

माझ्या मते तो सहज विचारलेला प्रश्नच खरा प्रश्न आहे. आपल्याकडे ट्रेल जागेप्रमाणे जेवढा बदलतो त्यापेक्षा जास्त महिन्याप्रमाणे बदलतो. मे महिन्यातली वेताळ टेकडी आणि जुलैमधली वेताळ टेकडी यांचा एकमेकींशी काही संबंध नाही, वाट तीच, दगड तेच, पण चाकाखाली जे लागतं ते पूर्ण वेगळं. त्यामुळे "कुठली सायकल" याचं उत्तर पटकन देता येतं, पण टायर, हवा, ब्रेक पॅड, गिअर आणि फोर्कचं, म्हणजे पुढच्या सस्पेंशनचं, सेटिंग यावर राईड चांगली होणार की वाईट हे ठरतं. मी पुण्यात बरीच वर्षं सायकलींचं वर्कशॉप चालवतोय, आणि "सायकल उतारावर खूप उडते, बदलून टाकू का" म्हणत जे येतात त्यांच्या टायरमध्ये बहुतेक वेळा ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा असते.

काही गोष्टी अर्थातच तुमच्यावर अवलंबून आहेत. तुम्ही टेकडीवर रुंद मुरमाड रस्त्यानेच फिरणार की दगडांतून उतरणाऱ्या बारीक पायवाटांवरही जाणार हे लिहिलेलं नाही. दुसरं म्हणजे सायकलचं काम स्वतः किती करणार. तिसरं, स्पितीला सामान गाडीतून येणार की सायकलवर लादणार. ही तीन उत्तरं बदलली तर माझा सल्लाही थोडा बदलेल, मी धरून चाललोय की तुम्ही मध्यम अवघड वाटांवर जाणार, पंक्चर-चेन एवढं स्वतः बघणार आणि निदान काही सामान सायकलवर असणार.

तर या परिस्थितीत हार्डटेल घ्या. कारण सांगतो. वेताळ टेकडीला कोथरूडच्या बाजूने वर यायला दोनशे-सव्वादोनशे मीटरची चढाई आहे, उतार छोटे आहेत, राजमाचीची वाट बहुतेक जीप जाईल अशी कच्ची आहे, सिंहगड तुम्ही डांबरी घाटानेच करणार आणि स्पिती म्हणजे लांबच लांब खडबडीत रस्ता. यात मागच्या शॉकने आराम मिळेल हे खरं, पण त्याची किंमत तुम्ही चढावर आणि सर्व्हिसिंगमध्ये देणार. फुल सस्पेंशनला पिव्हटचे, म्हणजे फ्रेमचा मागचा भाग जिथे हलतो त्या सांध्यांचे, बेअरिंग असतात, शॉकचे सील असतात, आणि आपला पावसाळा या दोन्हींचा शत्रू आहे. एका पावसाळ्यात लाल-काळ्या चिखलातून फिरवून सर्व्हिस न करता ठेवलेली फुल सस्पेंशन दिवाळीला माझ्याकडे येते तेव्हा लिंकेजमधून करकर आवाज येत असतो आणि बेअरिंग हाताने फिरत नाहीत. शॉक नीट उघडून सर्व्हिस करणारे लोकही मोजकेच आहेत. आणि कॅरिअर लावायची सोय हार्डटेलला सहज असते, ते तुम्हाला स्पितीला लागणार.

या बजेटमधली नवी फुल सस्पेंशन तर बघूच नका. त्या किमतीत मागे जी स्प्रिंग देतात तिला धड डॅम्पिंग नसतं, म्हणजे दाबली की तेवढ्याच जोरात परत उसळते, वजन वाढतं ते वेगळंच. जुनी चांगल्या कंपनीची मिळत असेल तर तो वेगळा विचार, पण मग शॉक आणि फोर्कची पूर्ण सर्व्हिस, बेअरिंगचा सेट, चेन-कॅसेट (मागच्या गिअरचा सेट) असा खर्च किमतीत मिळवून मगच तुलना करा. फ्रेमवर चेनस्टे (चेनशेजारून मागच्या चाकाकडे जाणारी नळी) आणि सीटट्यूबच्या जोडावर, पिव्हटच्या आजूबाजूला बारीक भेग आहे का हे उजेडात, पुसून, नखाने चाचपून बघा, रंगावरचा ओरखडा आणि भेग यात नख अडकण्याचा फरक असतो.

हार्डटेल घेताना मी गिअर किती आहेत याच्या आधी फ्रेमच्या तीन गोष्टी बघतो. हेडट्यूब (हँडलखालची नळी) टेपर्ड, म्हणजे खाली रुंद होत जाणारी, आहे का, कारण ती जुन्या सरळ मापाची असेल तर पुढे चांगला फोर्क टाकायचा म्हटलं की मिळत नाही. मागच्या हबला कॅसेट बसते की आट्यांचं फ्रीव्हील आहे, कारण फ्रीव्हील असेल तर दहा-बारा स्पीडवर जायचा रस्ताच बंद, आधी चाक बदला. आणि ब्रेक हायड्रॉलिक आहेत का. या तिन्ही बरोबर असतील तर बाकी हळूहळू बदलता येतं. पुढे २१ किंवा २४ गिअरचा स्टिकर बघून भुलायचं कारण नाही.

चाकाचं म्हणाल तर तुमच्या उंचीला २९. दगडावर मोठं चाक कमी अडखळतं, लांब रस्त्यावर वेग टिकतो, आणि २९ मध्ये टायरची निवडही जास्त आहे. २७.५ वाईट नाही, उंची पाच-तीन, पाच-चारच्या आत असेल किंवा खूप वळणावळणाच्या अरुंद वाटांवरच खेळायचं असेल तर मी २७.५ सुचवतो. तुम्हाला त्यावर डोकं घालवायची गरज नाही. साईझ मात्र दुकानात बसून बघा, पाच-आठला बहुतेक कंपन्यांचा मीडियम येतो, काहींचा एमएल येतो, वरच्या नळीच्या दोन्ही बाजूंना पाय जमिनीवर टेकून उभं राहिल्यावर मोकळी जागा राहिली पाहिजे, कारण कच्च्या उतारावर घाईत पाय टेकवायची वेळ येते.

आता टायर. इथे जरा सविस्तर लिहितो कारण पैशाच्या मानाने सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो.

मार्च ते मे आपल्या टेकड्यांवर खाली कडक झालेली जमीन असते आणि वर मुरमाचे सुटे गोल खडे, फरशीवर ज्वारी सांडावी तसे. ब्रेक दाबला की टायर जमिनीला धरतच नाही, खड्यांवरून घरंगळतो. अशा वेळी मधल्या गुट्ट्या (टायरवरचे रबराचे उंचवटे) फार उंच असून उपयोग नाही, त्या खड्यांच्या खाली पोचत नाहीत. कामाला येतात त्या कडेच्या गुट्ट्या, वळणावर सायकल कलली की त्या जमिनीत रुततात. म्हणून पुढच्या टायरच्या कडेच्या गुट्ट्या दणकट आणि रबर मऊ पाहिजे, मागचा थोडा गुळगुळीत, पटकन पळणारा चालतो. पुढे-मागे एकच टायर टाकायचा हट्ट सोडा. मागचं चाक घसरलं तर माणूस सावरतो, पुढचं घसरलं तर सावरायला वेळच मिळत नाही, थेट कोपर जमिनीला. त्यामुळे पकड पुढे आणि वेग मागे. उदाहरण म्हणून, पुढे मॅक्सिस मिनियन डीएचएफसारखा २.३ ते २.४ इंच रुंद आणि मागे आयकॉनसारखा २.२ च्या आसपासचा, या धर्तीवर कुठल्याही कंपनीचा घ्या. त्याआधी तुमच्या मागच्या चेनस्टेमध्ये आणि फोर्कमध्ये दोन्ही बाजूंना निदान सहा-सात एमएम मोकळी जागा राहते का ते बघा, पावसाळ्यात ती लागतेच.

जून-जुलैमध्ये चित्र पालटतं. काळी माती ओली झाली की ती चाकाला गुंडाळते, दहा-बारा फेऱ्यांत टायर आणि फ्रेममधली जागा भरून जाते आणि चाक फिरायचंच थांबतं. इथे रुंद टायर उलटा नडतो. गुट्ट्या एकमेकींपासून लांब असलेला, जरा अरुंद टायर माती झाडून टाकतो. पण खरं सांगायचं तर शेतांतल्या काळ्या मातीच्या वाटेवर पावसाचे पहिले काही आठवडे जाऊच नका, सायकलही खराब होते आणि वाटेला खोल चर पडतात ते वर्षभर तसेच राहतात. राजमाचीच्या वाटेवर काळ्या मातीपेक्षा मुरूम, दगड आणि ओढे जास्त आहेत, लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे उधेवाडीपर्यंत साधारण १५ किलोमीटरचा कच्चा रस्ता, त्यामुळे तिथे खास चिखलाचा टायर लागत नाही. पुढचा तोच ठेवा, हवा दोन पीएसआय कमी करा आणि मागे आयकॉनसारख्या गुळगुळीत टायरऐवजी मोकळ्या गुट्ट्यांचा टायर टाका.

कातळावरचं शेवाळ हा मात्र वेगळाच विषय आहे. ऑगस्टमध्ये सावलीतल्या काळ्या कातळावर हिरवा-काळा पातळ थर येतो, लांबून तो नुसता ओला दगड वाटतो. त्यावर कुठलाही टायर धरत नाही, महागडाही नाही. अशा पट्ट्यावर चढायच्या आधीच वेग कमी करायचा, पट्ट्यावर असताना ब्रेक नाही, वळण नाही, पॅडलला झटका नाही, सरळ निघून जायचं. आणि पट्टा उताराला असेल, बाजूला दरी असेल तर उतरून चालायचं. कोकणात, महाबळेश्वरला किंवा गोव्यात गेलात तर जांभा लागतो, तो कोरडा असताना टायरला इतका छान धरतो की आपला आत्मविश्वास वाढतो आणि मग पावसात तोच दगड फसवतो, तिथेही शेवाळाचा हाच नियम.

सप्टेंबर अखेर ते डिसेंबर हा आपला खरा सीझन. जमीन किंचित ओली, खडे बसलेले, गवत उंच. या दिवसांत जवळजवळ कुठलाही मध्यम टायर चालतो. फक्त गवताखालचे दगड दिसत नाहीत आणि काटे सुरू होतात. आणि त्या दिवसांत सगळ्यांना कासला सायकल न्यायची इच्छा होते म्हणून सांगतो, पठाराच्या सड्यावर चाक घालू नका, तिथे कातळावर मातीचा अगदी पातळ थर आहे आणि फुलं त्यावरच येतात, रस्त्यानेच जा. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या जागतिक वारसा स्थळांत कास आलं ते या थरावर जगणाऱ्या वनस्पतींमुळे.

हवेबद्दल. टायरच्या कडेला जो आकडा छापलेला असतो तो कमाल मर्यादेचा असतो, तेवढी भरा असं सांगण्यासाठी नाही. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसरने भरलीत तर टायर दगडासारखा होईल आणि मुरमावर नाचेल. तुमच्या वजनाला, २९ गुणिले २.२५-२.४ च्या टायरला, ट्यूब असेल तर पुढे २७-२८ आणि मागे ३१-३२ पासून सुरू करा, ट्यूबलेस असेल तर पुढे २१-२२ आणि मागे २४-२५. मग ओळखीच्या एखाद्या दगडाळ उतारावर जाऊन प्रत्येक राईडला एक-दोन पीएसआय कमी करत जा. ज्या दिवशी रिम दगडावर आपटल्याचा ठण्ण आवाज आला त्या दिवशी दोन वाढवा, तो तुमचा आकडा, वहीत लिहून ठेवा. पंपावरचा काटा इतक्या कमी दाबाला नीट दाखवत नाही, छोटा डिजिटल गेज घ्या, एवढ्या कमी पैशात एवढा फरक पाडणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही.

आणि बाभळीचा काटा. पुण्याच्या आसपास राईड करायची तर हा कायमचा सोबती. ट्यूब वापरत असाल तर नुसती ट्यूब बदलून पुढे निघू नका. टायर उलटा करून आतून बोट फिरवा, पण हळू, नाहीतर बोटालाच टोचेल, रुमाल किंवा कापूस फिरवला तर तो अडकतो तिथे काटा आहे. बाहेरून काटा मोडलेला असतो, टायरच्या जाडीत दोन-तीन एमएमचं टोक शिल्लक राहतं, काळ्या रबरात तपकिरी ठिपका, बाहेरून दिसत नाही. हवा भरून वजन टाकलं की तेच टोक नव्या ट्यूबमध्ये घुसतं आणि माणूस म्हणतो ट्यूबच खराब निघाली. नेलकटरने आतून पकडून ओढायचं. सापाच्या दातासारखी शेजारी-शेजारी दोन भोकं असतील तर तो काटा नाही, हवा कमी होती आणि ट्यूब रिममध्ये चिमटली.

या दोन्हींवर उपाय ट्यूबलेस. रिम ट्यूबलेस-रेडी असेल तर पहिल्याच महिन्यात करून घ्या, २९ च्या टायरला साधारण १०० मिली सीलंट (बारीक भोक आतून बुजवणारं द्रव). आपल्या उन्हाळ्यात ते लवकर सुकतं, फेब्रुवारीनंतर दर सहा-आठ आठवड्यांनी व्हॉल्व्हमधून काडी घालून ओलं आहे का बघा, नाहीतर एप्रिलमध्ये आत नुसती साय उरलेली असते आणि तुम्ही निर्धास्त असता. साध्या रिमवर टेप गुंडाळून ट्यूबलेस करायचे प्रयोग लोक करतात, मी करून देत नाही, वळणावर टायर रिमवरून सुटला तर काय होईल याचा विचार करा. त्यापेक्षा मोटरसायकलसारख्या जाड व्हॉल्व्हच्या ट्यूबमधला कोअर काढून त्यात सीलंट घाला, बारीक काट्यांना ते पुरतं.

गिअरचं गणित सोपं आहे पण लोक ते करत नाहीत. पुढच्या प्लेटचे दाते भागिले मागच्या सगळ्यात मोठ्या प्लेटचे दाते. पुढे ३२ आणि मागे ४२ असेल तर ०.७६, पुढे ३० आणि मागे ४६ असेल तर ०.६५. २९ च्या चाकावर ०.६५ म्हणजे पॅडलच्या एका फेरीत सायकल साधारण दीड मीटर पुढे जाते, मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर ताशी साडेपाच किलोमीटरच्या आसपास वेग. ०.७६ ला त्याच लयीत सव्वासहा. एवढासा फरक काय असं वाटेल, पण स्पितीत विरळ हवेत, सामानासकट, साडेपाचच्या वेगाने बसून जाता येतं तिथे सव्वासहाला तुम्ही उभे राहून झटके मारत असता आणि मग मागचं चाक सुट्या खडीवर गरगर फिरतं. म्हणून सायकल एक प्लेटवाली घेतलीत आणि पुढे ३२ आली तर ३० ची प्लेट बदलून घ्या, स्वस्तातलं काम आहे. जुन्या तीन प्लेटच्या सेटला कमी लेखू नका, पुढे २२ आणि मागे ३४ असेल तर तोही ०.६५ च येतो. एक प्लेटचा फायदा हा की दगडांत चेन पडत नाही आणि चिखलात पुढचा डेरेलर (चेन एका प्लेटवरून दुसरीवर नेणारा भाग) अडकत नाही, चढायला ते जास्त सोपं असतं असं नाही.

ब्रेकसाठी सिंहगडाचा घाट हीच परीक्षा समजा. ८२ किलोचा माणूस, लांब डांबरी उतार, दोन्ही ब्रेक सतत हलके धरून उतरलात तर रोटर (ब्रेकची चकती) तापत जातो, पॅड चकाकतात आणि शेवटच्या वळणांवर लिव्हर दाबूनही सायकल पळत राहते. माउंटन बायकिंग सुरू झालं त्याच काळात, १९७६ पासून, कॅलिफोर्नियाच्या मरीन काउंटीत एका उतारावर शर्यती होत, तिचं नावच रीपॅक पडलं कारण उतरून आल्यावर कोस्टर ब्रेकच्या (पॅडल मागे दाबून लागणाऱ्या) हबमधलं ग्रीस जळून गेलेलं असायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं. ब्रेक बदलले, उष्णता तीच आहे. त्यामुळे पुढे १८० एमएमचा रोटर टाकून घ्या, मागे १६० चालेल, आणि उतरताना वळणाआधी ठाम दाबून वेग उतरवा मग पूर्ण सोडा, तेवढ्यात रोटरला वारा लागतो. पुढच्या ब्रेकला घाबरून फक्त मागचा दाबणारे खूप येतात, त्यांचा मागचा पॅड संपलेला आणि पुढचा नवा असतो, म्हणजे जो ब्रेक जास्त काम करतो तोच वापरत नाहीत.

पॅड दोन प्रकारचे, रेझिन आणि मेटल. कोरड्यात रेझिन शांत आणि छान. पावसाळ्यात वाळू-चिखलाच्या पाण्यात रेझिन पॅड एखाद्या लांब राईडमध्येही संपू शकतात, खर्र असा धातूचा आवाज आला म्हणजे पॅडची पत्रा-बाजू रोटरला लागतेय, तिथेच थांबायचं. जूनमध्ये मेटल पॅड टाका, पण त्याआधी रोटरवर काय लिहिलंय ते वाचा, स्वस्त रोटरवर फक्त रेझिन पॅड वापरा असं कोरलेलं असतं, त्यावर मेटल टाकले तर रोटर झिजून जातो. पॅडचं मटेरिअल एक एमएमच्या खाली गेलं की बदला. नवे पॅड टाकल्यावर रिकाम्या रस्त्यावर पंधरा-वीस वेळा वेग घेऊन थांबण्याच्या बेतापर्यंत दाबा, त्याशिवाय ते धरायला लागत नाहीत. आणि चेनला स्प्रे मारताना रोटर झाका. टू-व्हीलर वॉशिंग सेंटरला सायकल नेऊ नका, ते प्रेशरचं पाणी हबच्या आणि हेडसेटच्या सीलमधून चिखल आत ढकलतं, बादली आणि ब्रश पुरतो.

फोर्क शक्यतो एअरचा मिळेल असं बघा, रॉकशॉक्स जूडी किंवा सनटूर एक्ससीआर एअर या दर्जाचा, १०० ते १२० एमएम. स्प्रिंगच्या फोर्कमध्ये आतली स्प्रिंग मधल्या वजनाच्या माणसाचा विचार करून घातलेली असते, तुमच्या वजनाला ती मऊ पडेल, आणि वरचा प्रीलोडचा खटका फिरवून स्प्रिंग कडक होत नाही, फक्त सुरुवातीचा दाब वाढतो. एअरला तो प्रश्न नाही. हेल्मेट, पाण्याची बॅग, बूट सगळं घालून सायकलवर बसा, फोर्कच्या पायावरची रबरी रिंग खाली सरकवा, अलगद उतरा. १०० एमएमच्या फोर्कवर रिंग २० एमएमच्या आसपास सरकली पाहिजे. जास्त सरकली तर शॉक पंपाने हवा वाढवा, साधा पंप लावू नका, त्याने नेमका दाब साधत नाही. रीबाउंडसाठी (दाबल्यावर फोर्क परत उठायचा वेग) ब्रेक धरून हँडल जोरात दाबा आणि सोडा, चाक जमिनीवरून उडालं तर रीबाउंड फार जलद आहे, उठताना आळसावत उठलं तर फार संथ. सिंहगडाच्या डांबरी चढाला लॉकआउट (फोर्क हलू न देणारा खटका), वर पोचलात की आठवणीने उघडा.

आतापर्यंतचं एकत्र सांगायचं तर सायकल एकच, २९ ची हार्डटेल, आणि तिचे तीन अवतार. उन्हाळ्यात टेकडीसाठी पुढे पकडीचा मागे पळणारा टायर, रेझिन पॅड, चेनला कोरडं ल्यूब. पावसाळ्यात मागचा टायर बदललेला, हवा दोनने कमी, मेटल पॅड, ओलं ल्यूब आणि परत आल्यावर त्याच दिवशी धुणं. टेकडीवरच्या उतरत्या पायवाटांसाठी सीट तीन-चार सेंटिमीटर खाली, त्यासाठी सीटपोस्टवर चढाची उंची टेपने खूण करून ठेवा. ड्रॉपर पोस्ट (चालत्या सायकलवर सीट खाली-वर करणारी) नंतर घ्या, घेताना सीटपोस्टचा व्यास बघून, २७.२, ३०.९ आणि ३१.६ असे वेगवेगळे असतात आणि एकमेकांत बसत नाहीत. वेताळ टेकडीवर सकाळी चालणारे खूप असतात, आजी-आजोबा असतात, वळणावर घंटी वाजवा आणि वेग सोडा, तिथल्या वाटा सगळ्यांच्या आहेत.

तिसरा अवतार स्पितीचा. तिथे मनालीकडून शिरताना ग्राम्फूपासून बातल, लोसरपर्यंतचा रस्ता बराचसा दगड-गोट्यांचा आहे, नाले रस्त्यावरूनच वाहतात आणि दुपारी बर्फ वितळलं की पाणी वाढतं, म्हणून ते टप्पे सकाळी करायचे. पुढचा पकडीचा टायर तिथे लागत नाही, दोन्हीकडे मध्यम गुट्ट्यांचे, मजबूत कडांचे टायर टाका, कारण टोकदार दगड टायरची बाजू कापतात. सामान असेल तर मागे चार-पाच पीएसआय वाढवा. एक गोष्ट बरेच जण विसरतात, पुण्यात ५६० मीटरवर भरलेली हवा साडेचार हजार मीटरच्या आसपास पोचेपर्यंत गेजवर पाचेक पीएसआयने वाढलेली दिसते कारण बाहेरचा दाब कमी झालेला असतो, आणि पहाटेच्या थंडीत त्यातली दोन-तीन उतरते. दोन्ही मिळून आकडा कुठे येईल ते तिथल्या तापमानावर, म्हणून गेज बरोबर न्या आणि रोज सकाळी निघण्याआधी बघा. खिंडीवर थोडी सोडली असेल तर खाली मनाली-कुल्लूकडे उतरल्यावर परत भरायला विसरू नका, नाहीतर तिथेच रिम आपटेल.

पैशांची वाटणी मी अशी करेन. सायकल साधारण साठपर्यंतची बघा, वरचे दहा पुढचा टायर, सीलंट, १८० चा रोटर आणि गेज यासाठी ठेवा. साठची सायकल आणि हे सामान, ही जोडी दुकानातून जशीच्या तशी आणलेल्या सत्तरच्या सायकलपेक्षा आपल्या वाटांवर बरी चालते, हे मी गिऱ्हाइकांच्या सायकलींवर पुन्हा पुन्हा बघितलंय. दर वर्षी किमती हलतात, त्यामुळे मॉडेलचं नाव मी मुद्दाम देत नाही, दोन-तीन नजरेत भरली की त्यांची नावं आणि हेडट्यूब-हबची माहिती इथे टाका, मी बघून सांगतो.

आणि सायकल घ्याल त्याच दिवशी त्याच फ्रेमचा डेरेलर हँगर जादा मागून घ्या. मागच्या डेरेलरला फ्रेमशी जोडणारा तो छोटा ॲल्युमिनियमचा तुकडा, दगडावर आपटला की तो मुद्दाम आधी वाकतो म्हणजे फ्रेम वाचते. प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, दुसऱ्याचा बसत नाही, आणि स्पितीतल्या काझात तर तो मिळण्याची आशाच सोडा. सीटखालच्या पिशवीत पाच नंबरच्या ॲलन कीबरोबर राहू दे.